वीस मिनिटे कुणाच्या हातांची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत 'पॅलिओ आणि ऑटोइम्यून प्रोटोकॉलसाठी वीस मिनिटांत जेवण' अशी एक पाककृती आली होती. पॅलिओ म्हणजे आदिमानवासारखे खाण्याचा आहार, आणि ऑटोइम्यून प्रोटोकॉल म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांसाठीचा त्याहून कडक आहार. सोमवारी संध्याकाळी ती मी छापल्याबरहुकूम करून पाहिली. १ तास ९ मिनिटे लागली. हा आकडा अंदाजपंचे नाही. मी ३१ वर्षे एका कारखान्याच्या टाइम स्टडी विभागात, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजण्यात, काढली. निवृत्त झालो तरी स्टॉपवॉच काही सुटलेले नाही.

साहित्य शोधून ओट्यावर मांडायला ६ मिनिटे, भाज्या धुणे-सोलणे-चिरणे २७, चिकनचे तुकडे करून त्यांना बदामाच्या पिठात आणि अंड्यात घोळवायला ९, प्रत्यक्ष शिजायला १९ आणि मधे भांडी विसळायला ८. बेरीज करून पाहा. आपल्या लेखिकेने फक्त गॅसवरची १९ मिनिटे धरली आणि वर एक मिनिट उदारपणे बहाल केले. बाकीची ५० मिनिटे जणू कुणी दुसराच येऊन करून जाणार होता.

वेळेचे एकवेळ सोडून देऊ. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. त्या पाककृतीत बदामाचे पीठ, अंडे आणि पेपरिका, म्हणजे लाल ढोबळ्या मिरचीची पूड, हे तिन्ही जिन्नस आहेत. पॅलिओ आहारात ते चालतात. ऑटोइम्यून प्रोटोकॉलच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे पदार्थ बंद ठेवण्याच्या काळात, तिन्ही वर्ज्य आहेत. एक नाही, दोन नाही, तिन्ही! मथळ्यात दोन्ही आहारांची नावे एका दमात घेतली, तेव्हाच मला शंका आली होती. म्हणून सोमवारी ते ताट मी एकट्याने संपवले. हिच्यासाठी वेगळे केले.

ही म्हणजे माझी पत्नी. तिला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो संधिवात. सकाळी उठल्यावर तास-सव्वा तास बोटे वळत नाहीत. कपाचा कान धरता येत नाही, दोन्ही तळव्यांत कप धरून चहा प्यायचा. बरणीचे झाकण उघडणे हा आमच्या घरात माझ्या खात्यातला विषय झाला त्याला आता सहा वर्षे झाली. औषध आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीचे चालू आहे आणि ते चालूच राहणार आहे. दोन वर्षांपूर्वी हिने कुठेतरी या आहाराबद्दल वाचले आणि करून बघायचे ठरवले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एवढेच सांगितले, "करा, पण गोळी थांबवायची नाही, वजन उतरू द्यायचे नाही आणि आहारतज्ज्ञांना एकदा भेटून या." तिन्ही गोष्टी पाळल्या. हे आवर्जून लिहितो, कारण या आहाराच्या काही याद्यांमध्ये वर्ज्य पदार्थांच्या खाली वेदनाशामक गोळ्याही बंद करा असे लिहिलेले असते. अशी यादी आपण कधी छापलीत, तर ती ओळ डॉक्टरला दाखवल्याशिवाय छापू नका.

आता फरक सांगतो, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. पॅलिओमध्ये धान्ये, कडधान्ये, दुधाचे पदार्थ, साखर आणि कारखान्यातून पाकिटात येणारे खाणे नाही. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, सुकामेवा चालतो. ऑटोइम्यून प्रोटोकॉल, ज्याला लोक एआयपी म्हणतात, तो यावर आणखी कात्री चालवतो. अंडी बाद, सगळा सुकामेवा बाद, सगळ्या बिया बाद. बिया म्हटल्यावर तीळ-जवस डोळ्यांपुढे येतात, पण जिरे, मोहरी, धने, बडीशेप याही बियाच, आणि कॉफी व कोकोसुद्धा बियाच. शिवाय वांगे, टोमॅटो, बटाटा, मिरची या एकाच कुळातल्या भाज्या बाद. रताळे मात्र चालते, कारण बटाट्याशी त्याचे नाते फक्त दिसण्यापुरते, कूळ वेगळे. यात गंमत अशी की कोथिंबीर चालते आणि धने चालत नाहीत. झाड एकच. हिला हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मुलगी चालेल पण आई नको."

पॅलिओवाले लोक अश्मयुगाचा दाखला देतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. ही कल्पना गाजली ती १९८५ साली ईटन आणि कॉनर या दोघांनी एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला तेव्हापासून. त्यानंतर उत्खननवाल्यांनी बरेच काही वर काढले आहे. जॉर्डनच्या वाळवंटात जवळजवळ साडेचौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या सपाट पावाचे जळके तुकडे सापडले. ते शेती सुरू होण्याच्या सुमारे चार हजार वर्षे आधीचे. निअँडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणात शिजवलेल्या पिष्टाचे कण मिळाले. तेव्हा आदिमानव धान्याला शिवत नव्हता हे काही खरे नाही. पण आमच्या घरी प्रश्न आदिमानवाचा नव्हता, बोटांचा होता. सहा आठवडे ठरावीक पदार्थ बंद करायचे आणि मग एकेक परत आणून काय होते ते बघायचे, ही पद्धत मला कामातली वाटली. यंत्र बिघडले की आम्हीही तेच करायचो.

खरी अडचण पहिल्या चार दिवसांतच समजली. आजारी माणसाने करायचा आहार, आणि त्याला लागतो धडधाकट माणसाचा स्वयंपाक. तयार काहीच चालत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी मुळापासून शिजवायचे. पाव नाही, बिस्किट नाही, दह्याची वाटी नाही, उकडलेले अंडे नाही. भूक लागली की सोला, चिरा, शिजवा. चौथ्या दिवशी ही रताळे सोलायला बसली आणि अकरा मिनिटांनी सोलाणे खाली ठेवून गप्प बसून राहिली. तीनपैकी दोन झाली होती. मी त्याच आकाराची तीन ५ मिनिटे ४० सेकंदांत सोलली, आणि हे मी मोजले याचा तिला राग आला तो वेगळा. "अहो, त्या घड्याळाने पोट भरत नाही," म्हणाली.

पण मोजल्यामुळेच मार्ग निघाला. आमच्या क्षेत्रात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे जोडपे फार मोठे. त्यांनी हाताच्या हालचालींचे अठराच्या आसपास मूळ तुकडे पाडले आणि त्यांना नाव दिले थर्ब्लिग, म्हणजे स्वतःचेच आडनाव जवळजवळ उलटे लिहून. शोधणे, पोहोचणे, पकडणे, धरून ठेवणे, सोडणे असे ते तुकडे. नवरा गेल्यावर लिलियनबाईंनी हेच शास्त्र स्वयंपाकघरात नेले, आणि पुढे हृदयरोग असलेल्या किंवा अपंग बायकांना कमी श्रमात काम करता यावे म्हणून ओटा कसा असावा याचाही अभ्यास केला. मी हिचे काम त्या नजरेने पाहिले. शोधणे आणि पोहोचणे यात तिला काहीच अडचण नव्हती. अडत होते 'पकडणे' आणि 'धरून ठेवणे' या दोनच ठिकाणी. सोलाणे, सुरी, किसणी, डब्याचे झाकण, जड कढई. म्हणजे पाककृती निवडताना पदार्थ किती आहेत हे बघण्यापेक्षा चिमूट किती वेळा धरावी लागते हे बघायचे.

रताळ्याचेच घ्या. सोलायचेच नाही. स्वच्छ धुऊन अख्खी रताळी कुकरमध्ये पंधरा मिनिटे वाफवायची आणि कोमट झाली की अंगठ्याने साल ढकलायची. पिकल्या केळ्यासारखी उतरते. तिन्हींची साले ५० सेकंदांत, तीही हिच्या हाताने. एका वेळी सहा वाफवून ठेवली की दोन दिवस पिष्टाचा प्रश्न मिटला: एकदा ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून कुस्करा, एकदा चकत्या करून तव्यावर खोबरेल तेलात लाल करा. आलेही सोलत नाही, चमच्याच्या कडेने खरवडतो, किंवा तसेच गोठवून सालीसकट किसतो. गोठलेले आले किसायला फार सोपे जाते हे मला चौसष्टाव्या वर्षी समजले.

आमचे हुकमी जेवण खिम्याचे. एकच पसरट तवा. चिकनचा खिमा ४०० ग्रॅम, बारीक चिरलेला कोबी दोन मोठ्या मुठी, किसलेले आले, ठेचलेला लसूण, अर्धा चमचा हळद, मीठ, शेवटी लिंबू आणि मूठभर कोथिंबीर. तवा आधी चांगला तापू द्यायचा, खोबरेल तेल घालायचे, खिमा पसरायचा आणि तीन मिनिटे त्याला हातही लावायचा नाही. लोकांचा हात राहत नाही. सारखे ढवळतात, मग खिम्याला पाणी सुटते आणि तो उकडल्यासारखा पांढरट, मिळमिळीत लागतो. न ढवळता ठेवला की तळाला तांबूस पापुद्रा धरतो. वास बदलतो, तडतड कमी होते, तेव्हा लाकडी उलथन्याने मोठे तुकडे पलटायचे, मोडायचे, आले-लसूण-हळद घालायची, वर कोबी. झाकण नाही. कोबी अर्धवट करकरीत असतानाच गॅस बंद. मिरची नाही, जिरे नाही, तरी बेचव लागत नाही, कारण चव त्या पापुद्र्यात आणि शेवटच्या लिंबात असते. चिरलेला कोबी तयार असेल तर १३ मिनिटे, नसेल तर १८. कोबी चिरण्याचे काम मी रविवारी एकदम करतो. ओला न करता डब्यात कापडाखाली ठेवला तर चार दिवस टिकतो.

दुसरे मासळीचे. नारळाचे दूध एक वाटी, आल्याच्या चार चकत्या, हळद, मीठ. उकळी आली की पालकाची पाने अख्खीच टाकायची आणि त्यावर बिनकाट्याच्या माशाचे तुकडे. मंद आचेवर सात-आठ मिनिटे. मासा काट्याने टोचला की पदर सुटायला लागतो, तेव्हा झाला. आल्याच्या चकत्या सोडल्या तर यात सुरी लागतच नाही. नारळाच्या दुधाच्या डब्यावरची बारीक अक्षरे मात्र वाचा. अनेकांत घट्टपणासाठी गवारीच्या बियांचा डिंक घातलेला असतो, आणि गवार हे शेंगवर्गीय झाड, म्हणून या टप्प्यात तो टाळतात. भिंग घेऊन डबे वाचणारा म्हातारा असा माझा लौकिक झालेला आहे.

ज्या दिवशी काहीच होत नाही, त्या दिवसासाठी सार्डिनचा डबा. ऑलिव्ह तेलातला किंवा नुसत्या पाण्यातला; टोमॅटो सॉसमधला किंवा सोयाबीन तेलातला नको. डबा फोडायचा, अर्धे अव्होकॅडो चमच्याने काढायचे, लिंबू, मीठ, काकडीचे काप. चार मिनिटे. सार्डिनचे काटे मऊ असतात, ते काढू नका. दूध बंद असताना त्यांतल्या कॅल्शियमची फार गरज असते.

सकाळच्या खाण्याबद्दल एकदाच सांगतो: नाश्ता ही कल्पना सोडून द्या. अंडी, ओट्स, पाव, दूध, कॉफी सगळेच गेल्यावर नाश्त्याच्या नावाखाली काही करायला जाल तर केळ्याच्या आणि टॅपिओका पिठाच्या धिरड्यात अडकाल. मी अडकलो होतो. पहिल्या खेपेस ते तव्याला असे चिकटले की तवाच भिजत घालावा लागला, आणि दुसऱ्या खेपेस रबरासारखे ताणले गेले. आता रात्रीचेच थोडे जास्त करतो आणि सकाळी गरम करून खातो. सोबत हाडांच्या सुपाचा कप. हे सूप उघड्या पातेल्यात दहा-बारा तास उकळा असे सगळीकडे लिहिलेले असते. कुकरमध्ये दोन तासांत भागते, आणि ते दोन तास कुणाला पाशी उभे राहावे लागत नाही. चमचाभर व्हिनेगर, आले, कांदा, गाजर, तमालपत्र. थंड झाले की वर चरबीचा पांढरा थर आणि खाली थरथरणारी जेली. बर्फाच्या साच्यात ओतून गोठवले की लागेल तेवढेच काढता येते. सकाळी बोटे आखडलेली असताना गरम कप तळव्यांत धरून बसणे हे हिला आवडते, त्यात किती गुण सुपाचा आणि किती कपाचा हे मला सांगता येणार नाही.

उरलेल्या अन्नाबाबत एक धोक्याची सूचना आपल्या कुठल्याच पाककृतीत नसते. या आजारांची बरीच औषधे प्रतिकारशक्ती दाबणारी असतात. अशा माणसाला शिळ्यापाक्याची बाधा लवकर होऊ शकते आणि जास्त त्रास देऊ शकते. शिजवलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे, फ्रिज ४ अंशांच्या वर नको, तीन-चार दिवसांत संपले पाहिजे, आणि पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७४ अंश झाले पाहिजे. मी त्यासाठी टोचायचा थर्मामीटर घेतला. हिला वाटते खेळणे आहे. असेना का.

आमच्याही चुका झाल्या. पहिल्या आठवड्यात स्मोक्ड मासा आणला आणि घरी येऊन पाहिले तर त्यात पेपरिका. 'मिश्र मसाला' असे दोन शब्दांत लिहिलेले असेल तर आत काय आहे ते देवच जाणे. काळी मिरी मिरचीच्या कुळातली समजून मी उगाचच फेकून दिली. तिचे कूळ वेगळे आहे, ती पहिल्या टप्प्यात टाळतात पण परत आणायच्या यादीत पहिल्या काहींत असते. तिसऱ्या आठवड्यात हिचे वजन दोन किलोंनी उतरले, कारण आम्ही कोबी-पालकाच्या राशी खात होतो आणि रताळे, तेल, नारळ यांना हात आखडता. आहारतज्ज्ञ बाईंनी लगेच पकडले. यकृत पौष्टिक म्हणून आठवड्यातून तीनदा करायला निघालो होतो, त्यांनी एकावर आणले. त्यात अ जीवनसत्त्व फार असते, आणि गर्भवतींनी तर ते टाळावेच. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत, हेही त्यांनीच सांगितले.

या सगळ्याचा उपयोग होतो का, असे कुणी विचारले तर मी हात राखून उत्तर देतो. २०१७ साली आतड्याच्या सुजेचे, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे १५ रुग्ण घेऊन एआयपीचा एक अभ्यास झाला. सहाव्या आठवड्यात ११ जणांची लक्षणे शमली होती. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि १५ म्हणजे आमच्या एका पाळीतली माणसेसुद्धा नाहीत. २०१९ मध्ये हाशिमोटो थायरॉइडच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटते त्या आजाराच्या, महिलांवर दहा आठवड्यांचा तसाच छोटा अभ्यास झाला. १६ जणींनी तो पुरा केला. त्यांना बरे वाटू लागले, जगणे सुसह्य झाले, पण थायरॉइडच्या चाचण्या आणि अँटीबॉडी यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे बरे वाटणे आणि आजार मागे हटणे ही दोन वेगळी मापे आहेत. आपल्या पुरवणीत 'आजार मुळापासून बरा' असा शब्दप्रयोग होता. तो कोणत्या मापाने केला ते समजले नाही.

आणि आता माझी सर्वांत मोठी तक्रार. आपण आणि आपल्यासारखे सगळेच फक्त पहिला टप्पा छापता. काय काय बंद करायचे त्याची लांबलचक यादी असते. परत काय आणि कसे आणायचे, यावर अवाक्षर नसते. वाचक बिचारा समजतो की आयुष्यभर असेच जगायचे. वास्तविक बंदी साधारण ३० ते ९० दिवसांची, आणि खरा आहार त्यानंतर सुरू होतो. एका वेळी एकच पदार्थ. पहिल्या दिवशी चमचाभर, काही झाले नाही तर थोडा वेळ थांबून जास्त, मग पाच-सहा दिवस तो बंद ठेवून लक्ष ठेवायचे. मधे दुसरे काही नवीन नाही.

आम्ही ४३व्या दिवशी अंड्याच्या बलकापासून सुरुवात केली, पांढऱ्यापासून नाही, कारण बलकाचा त्रास सहसा कमी होतो. मी वहीत रकाने आखले: सकाळी बोटे किती मिनिटांनी वळली, झोप, पोट, आणि त्या दिवशीचे कष्ट. बलक ठीक. आठवड्याने पांढरे, तेही ठीक. त्या दिवशी घरात जे उकडलेले अंडे खाल्ले गेले, तसे कौतुक मी आजवर कुठल्या मेजवानीचे पाहिलेले नाही. हिने ते मधोमध कापले, दोन्ही अर्ध्यांवर मीठ भुरभुरले आणि एक अर्धे दहा मिनिटे पुरवून खाल्ले. मग तूप, जिरे, मिरी, बदाम, सगळे निभावले. टोमॅटोच्या पाचव्या दिवशी सकाळचा आखडलेपणा ४० मिनिटांवरून ९५ वर गेला. पुन्हा सव्वा महिन्याने करून पाहिले, पुन्हा तसेच. दोन नोंदींवरून मी कारखान्यात कुणाला यंत्र बदलायला सांगितले नसते, पण टोमॅटो हे काही यंत्र नव्हे, सोडले तर कुणाचे बिघडत नाही. बटाट्याचा काहीच परिणाम दिसला नाही, एकाच कुळातला असून. कडधान्ये रात्रभर भिजवून, पाणी बदलून, नीट उकळून आणली. तीही परत आली. म्हणजे इतका सगळा खटाटोप करून आज कायमचे बाहेर आहेत ते टोमॅटो आणि तिखट मिरची, एवढे दोनच. पहिल्या टप्प्यावरच थांबलो असतो तर ही बाई अजून अंड्याकडे बघत बसली असती.

तेव्हा विनंती अशी की यापुढे या आहाराची पाककृती छापाल तेव्हा पॅलिओ की एआयपी, आणि एआयपी तर कोणता टप्पा, हे स्पष्ट लिहा. आणि वेळ लिहिताना सुरी उचलल्यापासून भांडे विसळेपर्यंतचा लिहा. टाइम स्टडीत कामाचा शुद्ध वेळ काढला की त्यावर विश्रांतीचा भत्ता चढवल्याशिवाय तो कुणाला लावत नाहीत. पाणी पिणे, पाठ टेकणे, हात झटकणे हे त्यात धरलेले असते. आजारी माणसासाठी छापलेल्या पाककृतीत तो भत्ता शून्य कसा?

परवा आम्ही आपलीच पाककृती दुरुस्त करून पुन्हा केली. बदामाचे पीठ, अंडे, पेपरिका काढून टाकले. चिकन बिनहाडाचे, पट्ट्या कात्रीने केल्या, कारण कात्रीला मूठ असते, चिमूट लागत नाही. हळद, लसूण, लिंबू, मीठ. त्याच तव्यात बाजूला फ्लॉवरचे हाताने मोडलेले तुरे. मी करतो म्हणालो, तर ही म्हणाली, "मी करते, तुम्ही घड्याळ धरा." सुरुवातीपासून तवा विसळून उपडा ठेवेपर्यंत ३४ मिनिटे झाली. त्यातली ६ मिनिटे ती स्टुलावर नुसती बसून होती. ती मी वेळेतच धरली आहेत.

आपला,
एक जुना वर्गणीदार